उष्टी पाटी

सापगाव
मिरग लागून आठवडा झाला, बाजाराचा दिवस

जिवले,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहितात. तो मी दिला असं समज आणि पुढचं ऐक. राबात भाताची पेरणी पडली आहे, तुझे दाजी बैल जुंपून बांधावर उभे आहेत, मला लांबण लावायला वेळ नाही.

लडक्या, हे तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. सिद्धगडाखालच्या वाड्यांचं टपाल तू वाटतोस आणि वाचतोसही तूच. आपण एका गावचे म्हणून सांगते, जसं लिहिलं तसं वाच. पदरचं घालू नको, मध्येच हसू नको, आणि जिवली रडली तर वाडीभर सांगत फिरू नको.

तर जिवले, राही माझ्याकडे खुशाल आहे. तू हिरडे वेचायला रानात गेलीस, मागे तुझा घरधनी चांगो हो म्हणाला, आणि मी पोरीला घेऊन निघाले. तू आलीस तेव्हा घरात पोर नाही, हे बरं दिसलं नाही. पण तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही.

तू निरोप धाडलास की, बाईजाला पोर नाही म्हणून तिनं माझी उचलली. तो पोचला. त्यावर मला काही लिहायचं नाही.

मी काय बघितलं ते सांगते. तुझ्या ओट्यावर लडक्या पाकिटं चाळत बसला होता आणि राही त्याच्या समोर बसून पाकिटावरची अक्षरं बोटानं धुळीत काढत होती. सगळी अक्षरं बरोबर, पण डोक्यावर उभी. कारण लडक्या पाकीट आपल्याकडे तोंड करून धरतो आणि ती पलीकडून बघते. जी पोर उलटं बघून एवढं शिकली ती सुलटं बघून किती शिकेल, असं मला वाटलं. तुमच्या वाडीत शाळा नाही, इथं वाटेवर आहे. आपल्या गावच्या शाळेत मी दोन वर्षं तरी बसले, तुला तर बापानं तेवढंही बसवलं नाही. एवढंच कारण आहे.

मास्तरांनी तिला बिगरीत घेतलं. वयानं थोराड दिसते, पण बसते. धड्यातलं मला फार कळत नाही. पण घरात वस्तू कुठं ठेवायच्या ते मला कळतं, आणि निम्मी शाळा म्हणजे तेच असणार. भिंतीत खुंट्या ठोकून घेतल्या. एक दप्तराला, एक पाटीला, एक तिच्या झग्याला. पुस्तक शिंक्यात ठेवते, दुधाच्या गाडग्याशेजारी, म्हणजे उंदीर लागत नाही. पेन्सिल पाटीच्या चौकटीला दोऱ्यानं बांधली आहे, वासरू खुंट्याला बांधतात तशी.

तिला रात्री कुशीवर झोपायची सवय आहे की उताणं, ते कळव. इथं ती झोपतच नाही नीट.

बाईजा


सापगाव
श्रावण, नागपंचमी होऊन गेली

जिवले,

तुझं उत्तर नाही. लडक्या म्हणतो तू ऐकून घेतेस आणि उठून जातेस. उठून जा, पण शेवटपर्यंत ऐकून मग जा.

आमची भाताची आवणी झाली. राहीला मी शेतात उतरवली नाही. शेजारची रंभा चिखलातून ओरडली, "बाईजे, पोर मामलेदार व्हायची हाय काय गो?" मी म्हटलं, झाली तर पहिला तुझा बांध मोजायला लावीन. तेव्हापासून गप्प आहे. तिची बारकी पण त्याच शाळेत जाते, राहीच्या सोबतीला.

तुझी पोर फार पसारेवाली आहे, हे तू मला सांगितलं नाहीस. शाळेतून आली की दप्तर उंबऱ्यात, पाटी उखळावर आणि ती गोठ्यात. एकदा पुस्तकाचा कोपरा वासरानं खाल्ला. एकदा पाटी सापडेना, तर ती मीच भाताच्या टोपावर झाकण म्हणून ठेवली होती, पण ती तिथं हाताशी पडली होती म्हणूनच ना? आता नेम लावून दिला आहे. आधी दप्तर खुंटीला, मग पाय धुवायचे, मग भाकरी, मग अभ्यास. ओट्यावर उजेड असेतो लिहायचं. दिवा लागला की पाढे.

तुझे दाजी दोर वळत शेजारी बसतात. एक पीळ, एक आकडा. ती चुकली की ते पीळ देत नाहीत, हात तसाच धरून ठेवतात. ती परत म्हणते, मग पीळ. यंदा आमच्याकडे गुरांपेक्षा दावी जास्त झाली आहेत.

पाटी मात्र मी कोणाच्या हाती देत नाही. रोज पहाटे भांड्यांबरोबर तीही घेते, कोळसा लावून भोपळ्याच्या पानानं घासते. अशी लखलखते की त्यात तोंड दिसावं. उष्टं भांडं मी कधी कोणाच्या दारी धाडलं नाही, उष्टी पाटी शाळेत कशी धाडू? माझ्या घरून गेलेली पोर कशी नीटनेटकी असते ते मास्तरांना दिसलं पाहिजे.

एक गोष्ट मनाला लागली. बारकी सांगत होती की राहीला छड्या बसतात, घरचा अभ्यास करत नाही म्हणून. मी राहीला समोर घेतलं. म्हणाली, "केला व्हता." मी पण डोळ्यानं बघितलं आहे की केला होता. बेरजा, कित्त्याच्या ओळी, सगळं. मग मास्तर मारतात कशाला? पुढं विचारलं तर गुडघ्यावर गाल टेकून बसली. तू लहानपणी बसायचीस तशीच. तेव्हाही तुझ्या तोंडातून कोणी शब्द काढू शकलं नाही.

मला वाटतं पाटीला कुठं तरी डाग राहत असेल. उद्यापासून दोनदा घासते.

बाईजा


सापगाव
ता. १४ ऑक्टोबर १९३८

जिवले,

वरची तारीख राहीनं घातली आहे. शाळेत फळ्यावर रोज लिहितात. म्हणाली, मिरग नि नागपंचमी असं पत्रावर लिहीत नाहीत. बरं.

चांगो मध घेऊन शहापूरच्या बाजाराला आला होता, तसाच इकडे आला. जेवला, पोरीला जवळ घेतली आणि तिचा हात बघितला. तळवा सुजला होता. जाताना दाजींना एवढंच म्हणाला, "हे आमच्या जिवलीला सांगू कसा?"

त्यानं सांगितलं असणार, कारण तुझा निरोप आला. लडक्यानं पत्राच्या पाठीवर लिहून धाडला. "पोरगी मार खायला दिली नाय. पुसाच्या पुनवेला म्हशाच्या जत्रेत येईन. तिथनं घेऊन जाईन ती परत धाडणार नाय. गुरं राखील, हिरडे वेचील, पण कोनाचा मार नाय खाणार."

वाचलं. दोनदा वाचलं.

मी तिला हात लावलेला नाही हे लिहून ठेवते. एकदा पाठीत धपाटा घातला होता, पेन्सिल दोऱ्यासकट हरवली म्हणून. तो धरू नको.

जिवले, तुझा राग मला कळतो, पण पोर शिकते आहे. आता अक्षर सुलटं काढते. माझं नाव काढून दाखवलं, बाईजा, आणि "जा"चा काना जरा लांब गेला तर म्हणाली, "मावशी, तू घाईत असतेस ना, म्हणून तुझा काना पळाला." अशी पोर गुरांमागं घालू नको. मास्तरांचं आणि माझं काय ते बघून घेते. कापणी आटपली की मी स्वतः शाळेत जाते. कोणी बाई शाळेत जात नाही म्हणतात. मी जाते.

बाईजा


सापगाव
ता. २१ नोव्हेंबर १९३८

जिवले,

मास्तरांशी बोलणं झालं. थोडा गैरसमज होता, तो मिटला. मास्तर भला माणूस आहे. यापुढं राहीला मार बसणार नाही. म्हशाला यायची तसदी घेऊ नको, गर्दीत पायाखाली तुडवून निघतात माणसं.

भात बरं आलं. झोडणी चालू आहे. जास्त लिहायला वेळ नाही.

बाईजा


सापगाव
ता. २६ डिसेंबर १९३८

जिवले,

तू लडक्याकडून विचारलंस, "गैरसमज कोनाचा?" एवढाच प्रश्न. तू लहानपणापासून अशीच. काटा कुठं मोडला आहे ते बरोबर बोटानं दाबतेस.

लडक्या, आता जे लिहिते ते हळू वाच. आणि यावर हसायचं असेल तर वाचून झाल्यावर ओढ्याकडे जाऊन हस.

खळ्यावर झोडणी चालू होती. बारकी सांगत आली की राहीला आज परत उभी केली आहे. मी पेंढी टाकली आणि निघाले. कमरेला कोयता तसाच राहिला, ते शाळेत गेल्यावर लक्षात आलं. पोरं मला बघून भिंतीला चिकटली. मास्तर खुर्चीवरून उठले. म्हातारा माणूस आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. माझ्या कोयत्याकडे बघून त्यांनी छडी टेबलाखाली ठेवली, असं बारकी आता सगळ्यांना सांगते.

मी म्हटलं, पोर माझ्या डोळ्यांसमोर अभ्यास करते, रोज, उजेड असेतो. आणि तुम्ही नाही केला म्हणून मारता. माझे डोळे फुटले आहेत की तुमचे?

मास्तरांनी राहीला पाटी आणायला सांगितली. राही आली, मान खाली. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली.

"बाई, तुमीच बघा. रोज अशी कोरी."

आणि जिवले, मी काय म्हणाले सांगू? मी मान ताठ करून म्हणाले, "कोरी असणारच. मी रोज पहाटं घासते. उष्टी पाटी धाडीन होय मी?"

बाहेर शेळी चरत होती, तिच्या तोंडाचा आवाज आत ऐकू येत होता. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. हसले नाहीत. हसले असते तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं.

हळूच म्हणाले, "बाई, मी ते उष्टंच बघायला बसतो."

तेव्हा मला कळलं. घरी लिहिलेलं शाळेत दाखवायचं असतं. आपल्या शाळेत घरचा अभ्यास होता कुठं? आपण शाळेत लिहायचो, शाळेत पुसायचो, घरी शेण थापायचो. मला काय ठाऊक? पावसाळाभर ती पोर ओट्यावर बसून लिहीत होती आणि मी पहाटे उठून तिचं लिहिलेलं घासून टाकत होते. वर भोपळ्याची पानं निवडून आणत होते, कोवळी.

मास्तर तिच्यापाशी गेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, आता मार बसणार नाही, पोरी, माझंही चुकलं, मी एकदा विचारायला हवं होतं. शाळेत सगळ्यांसमोर म्हणाले. मला तेवढंही तोंड उघडता आलं नाही.

घरी येताना वाटेत मी राहीला विचारलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, "आबानं सांगलं व्हतं, मावशीच्या घरची रीत मोडू नको."

जिवले, तिला वाटलं ती आमच्या घरची रीत आहे. तुमच्याकडे नव्या भाताला हात लावायच्या आधी काय काय करता, आमच्याकडे जात्याला पाय लावत नाही, तसंच सापगावात पाटी पुसूनच न्यायची आणि मग छडी खायची, असं धरून चालली पोर. एकदा म्हणून तिनं माझ्या हातातून पाटी ओढली नाही. बारकी सांगते, वाटेत आंब्याखाली बसून आठवेल तेवढं परत लिहायची. पाऊस असला की बारकी इरलं धरायची. घंटा व्हायच्या आत झालं तर वाचली, नाही तर हात पुढं.

त्या दिवशी मी जेवले नाही. पोट बरं नव्हतं.

दाजींनी दुसऱ्या दिवशी बांबू फोडला आणि पाटीला कामट्यांचं झाकण विणलं. आतून पोकळ, अक्षराला टेकत नाही. दप्तरात घाल, डोक्यावर घे, एक काना पुसत नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, असं मी विचारलं. म्हणाले, तू पहाटे घासतेस ते मला वाटलं मास्तरांनीच सांगितलं असेल. कोणी कोणाला काही विचारलं नाही, हीच गोष्ट सगळीकडे निघाली.

आता रोज पहाटे हात शिवशिवतात. पाटी खुंटीवर लिहिलेली असते आणि मी तिच्याकडे पाठ करून भांडी दोनदा घासते. टोपांना भोकं पडायची वेळ आली आहे.

कोणाचा गैरसमज ते आता तुला कळलं. म्हशाला मी राहीला घेऊन येते. आमच्या गाडीमागं बांधून दोन बैल विकायला न्यायचेच आहेत. न्यायची असेल तर तिथून ने, मी आडवी येणार नाही. चैतात दिपोटीसाहेब परीक्षेला येतात, तोवर राहिली तर बिगरीतून वर जाईल. पण ते तुझ्यावर आहे. तिचे कपडे बांधून आणते. पाटी खुंटीवरच ठेवते, कारण ती तुमच्याकडे काय कामाची.

बाईजा


सापगाव
ता. २८ एप्रिल १९३९

जिवले,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. ते राहीच्या दप्तरात आहे आणि राहीच वाचते आहे. लडक्याला सुट्टी. तो ओट्यावर आला तर त्याला बसू दे, पण कागदाला हात लावू देऊ नको.

राही, नीट बस. पाठ टेकून, उजेड डाव्या अंगानं. ओळीखाली बोट धर. माझा काना पळाला असेल तिथं थांब, घाई करू नको.

जिवले, म्हशाच्या जत्रेचं मला अजून कळत नाही. बैलांच्या गर्दीतून तू आलीस ती माझ्याकडे बघितलंच नाहीस. राहीचा हात धरलास, तळवा उघडलास, अंगठ्यानं दाबून बघितलास. मग पालथा करून बघितलास, रुपया खरा की खोटा बघतात तसा. मी कपड्यांचं गाठोडं हातात धरून उभी होते. तू तिची वेणी सोडलीस, परत घातलीस, माझ्यापेक्षा घट्ट. मग तिला म्हणालीस, "जा. मावशी खोळंबली हाय." मला एक शब्द नाही. आणि निघून गेलीस.

परतीच्या वाटेला मी गाडीत मागं तोंड करून बसले होते. धूळ फार होती.

दिपोटीसाहेब आले होते. शाळेला तोरण, पोरांना तेल लावून भांग. राहीला त्यांनी तोंडी हिशोब घातला. बाकीची पोरं पाटी शोधेपर्यंत हिनं उत्तर सांगितलं. साहेब म्हणाले, पाटीवर न मांडता? तुझे दाजी म्हणतात, रोज पुसलेलं परत आठवून लिहायची, त्याची ही करणी. त्यांना मी गप्प बसवलं. मारातून काही चांगलं निघालं असं आमच्या घरात कोणी म्हणायचं नाही.

पास झाली. आता पहिलीत.

राही, पुढचं तू मोठ्यानं वाचायचं आहेस. अडखळलीस तर परत पहिल्यापासून.

मावशीनं तुझी पाटी पुसली. तू अभ्यास केला होतास. तुझं काही चुकलं नव्हतं, एक दिवस पण नाही. ज्या छड्या बसल्या त्या माझ्या होत्या, त्या तुझ्या हातावर गेल्या. मावशीला हे तोंडानं सांगता आलं नाही. वाटेत सांगणार होते, मग घरी सांगणार होते, मग झोडणी झाली, मग म्हसा झालं. आता तुझ्याच तोंडानं तुझ्या आईसमोर सांगते. आणि घराची रीत वाईट असली तर ती मोडायची. मावशीची असली तर आधी मोडायची.

आता पाणी पी.

जिवले, तू म्हणालीस की मला पोर नाही म्हणून मी तुझी उचलली. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्यावर काही लिहायचं नाही. आता लिहिते. तुझ्या ओट्यावर धुळीत ती अक्षरं बघितली तेव्हा मला वाटलं, माझी असती तर मी हिला सुलटं शिकवलं असतं. असं वाटलं हे खरं. पण ती माझी नाही हे मला रोज कळतं. झोपेत ती तुला हाक मारते. मी ओ देत नाही. पांघरूण घालते नि परत पडते.

सुट्टीभर ती तुझ्याजवळ आहे. शाळा मिरगाला उघडते. धाडायची की नाही ते तू ठरव, चांगोला विचारू नको, तो हो म्हणून मोकळा होतो. मी न्यायला येणार नाही. या वेळेला घेऊन जायला मी येणार नाही, हे नीट ऐक.

पाटी तिच्याबरोबर धाडली आहे, झाकणासकट. झाकण काढून बघ. तिनं तुझं नाव लिहिलं आहे, मी मध्ये हात घातलेला नाही. त्याच्या खाली जागा सोडायला सांगितली. तुला लिहिता येत नाही म्हणून तुझं म्हणणं आजवर लडक्याच्या तोंडून ऐकावं लागलं. आता तसं नको. धाडणार असलीस तर त्या जागेत पेन्सिलीनं एक रेघ ओढ. आडवी, उभी, कशी पण. नसलीस तर काही करू नको. पाटी तेवढी कोणाच्या तरी हाती परत धाड, मी समजेन.

ती उताणीच झोपते. तू कळवलं नाहीस, पण मला कळलं.

तुझी बहीण
बाईजा


सापगाव
ता. १२ जून १९३९

जिवले,

लडक्या, सुट्टी संपली, परत कामाला लाग.

राही काल पोचली. चांगो तिला सोडून लगेच माघारी निघाला, पेरणी पडली आहे म्हणाला. वाटेत पावसानं गाठलं होतं. पोर भिजून चिंब, झगा अंगाला चिकटलेला, आणि दप्तर मात्र इरल्याखाली, छातीशी धरलेलं. आली तशी आधी दप्तर खुंटीला लावलं, मग पाय धुतले. मला सांगावं लागलं नाही.

भाकरी खाल्ली आणि मग पाटी काढली. म्हणाली, मावशी, झाकण तू काढ.

मी म्हटलं, तूच काढ, माझे हात पिठाचे आहेत. पिठाचे नव्हते. तिनं दाजींकडे बघितलं, दाजींनी दोर खाली ठेवला आणि झाकण त्यांनी काढलं.

मी रेघ शोधत होते, जिवले. एक रेघ. तुझ्या नावाखाली तुझा अख्खा पंजा होता. तांदळाच्या पिठाचा, पाची बोटं, सुकून घट्ट झालेला. नवं भात भरलं की तुमच्याकडे कणगीवर उमटवतात तसा. तो असला की त्या कणगीला कोणी हात घालत नाही, हे मला चांगो आला तेव्हा राहीनंच सांगितलं होतं. अंगठ्याजवळ कोयत्याची जुनी खूण पण आली आहे. आपण गवत कापताना लागलं होतं ते. तेव्हा तू रडली नव्हतीस, मी रडले होते.

दाजींनी विचारलं, रेघ सांगितली होती ना? राही म्हणाली, "आई बोलली, रेघ कोन पन वढील."

मग म्हणाली तुझा मला निरोप आहे. वर्षभरातला पहिला निरोप, जो लडक्याच्या हातून आलेला नाही. मी पदर कमरेला खोचून उभी राहिले, म्हटलं, सांग.

"आईनं सांगलंय, आता हे घासून दाव म्हणावं."

दाजी हसले. एवढे हसले की त्यांना ठसका लागला, बारकी धावत बघायला आली. राही पण हसली. मी चुलीकडे तोंड करून उभी होते, लाकडं ओली आहेत, धूर होतो.

तिला आज दुसरी पाटी आणून दिली. दाजी तिला झाकण विणत बसले आहेत.

पहिली पाटी खुंटीवर आहे, पंजा बाहेरच्या बाजूला. पहाटे भांडी घासायला घेतली तेव्हा तिच्यासमोरच बसले. आज पाठ केली नाही.

बाईजा